प्रमाणपत्र परीक्षेचा निकाल कंपनीला पटेल असा कसा दाखवायचा

सोलापुरातून पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कंपनीत अर्ज करणाऱ्या मुलामुलींची फाइल भरगच्च असते. प्लास्टिकच्या कप्प्यांत एकेक प्रमाणपत्र नीट लावलेलं असतं. पण पहिल्या चाळणीत ती फाइल कोणी उघडतच नाही. निवड करणाऱ्यापुढे तुमचा बायोडेटा असतो, एक ईमेल असतो आणि थोडी मिनिटं असतात. बायोडेट्यात 'एडब्ल्यूएस सर्टिफाइड' (म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची परीक्षा पास) लिहिलंय ते त्याने का मानावं, याचं उत्तर तुम्ही आधीच तयार ठेवायला हवं.

ते उत्तर असं : परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तुमचं नाव, परीक्षेचं नाव, तारीख आणि मुदत त्याला स्वतःला उघडून बघता आली पाहिजे. रंगीत प्रिंट आणि शिक्का कोणालाही करून आणता येतो, हे मनुष्यबळ विभागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्याच राज्यात जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, अपात्र उमेदवार पात्र दाखवल्याचं पुढे उघड झालं. तेव्हापासून नुसत्या गुणपत्रकावर विश्वास ठेवायला संस्थाचालकही कचरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. खऱ्या मेहनतीने पास झालेल्याने हा संशय मनाला लावून घेऊ नये, तो दूर करायची सोय करून ठेवावी.

आधी हातात काय आहे ते ओळखा

बायोडेट्यात 'सर्टिफिकेशन' या एका मथळ्याखाली चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. नवी पेठेतल्या क्लासने दिलेला 'कोर्स पूर्ण केला' हा कागद एक गोष्ट झाली. ऑनलाइन व्हिडिओ बघून आपोआप मिळालेलं प्रमाणपत्र दुसरी. ओळख पटवून, देखरेखीखाली दिलेल्या परीक्षेचा निकाल तिसरी. आणि काम करायला कायद्याने लागतो तो परवाना किंवा सक्षमता प्रमाणपत्र ही चौथी. साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंटचं प्रथम किंवा द्वितीय श्रेणीचं प्रमाणपत्र लागतं, ते या चौथ्या प्रकारातलं.

कंपनीला तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराचा पुरावा हवा असतो. पहिले दोन 'प्रशिक्षण' या वेगळ्या मथळ्याखाली लिहा. टॅलीचं उदाहरण घ्या. क्लासचा कागद आणि टॅली एज्युकेशनची परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्लासचा कागद असेल तर तसंच लिहा आणि व्हाउचर एंट्री, जीएसटी रिटर्न समोर बसून करून दाखवायची तयारी ठेवा. क्लासच्या कागदाला परीक्षेचं नाव दिलं आणि ते पडताळणीत सापडलं, तर तुमची बाकीची खरी प्रमाणपत्रंही संशयात येतात.

इंजिनिअरिंगच्या मुलांकडे एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची, प्रमाणपत्रं असतात. ती तिसऱ्या प्रकारात बसतात, कारण अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते. तिथे गुणांची विभागणी असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ अशी असते. ६० पासून 'एलिट', ७५ पासून 'एलिट सिल्व्हर' आणि ९० पासून 'एलिट गोल्ड'. हा शेरा, गुण आणि पडताळणीचा क्यूआर कोड त्या ई-प्रमाणपत्रावरच असतो, म्हणून ते बायोडेट्यात लिहिताना एकूण गुणही लिहावेत.

नाव जुळवा, आणि हे अर्ज करण्याआधी करा

पडताळणी अडते ती बहुतेकदा नावावर. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या फॉर्मवर मात्र 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने. गुणपत्रक समोर ठेवून भरणारा माणूस सवयीने पहिल्या रकान्यात आडनाव टाकतो, आणि प्रमाणपत्रावर उलटं नाव छापून येतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी लावायची रीत असल्याने तिथे हे आणखी सहज होतं.

दुसरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. 'सिद्धाराम' हे नाव इथे घराघरात आहे. आधारवर त्यात दोन 'डी', पॅनवर एक, दहावीला शेवटी 'राम'चा 'ए' एकदा आणि परीक्षेच्या खात्यात दोनदा, असं सर्रास आढळतं. माणसाला हे एकच नाव दिसतं. पडताळणी करणाऱ्या एजन्सीच्या तपासनीसाला मात्र तक्त्यात 'जुळत नाही' असाच शेरा मारावा लागतो.

दुरुस्ती अशी करा. एक कागद घ्या. त्यावर दहावी, पदवी, आधार, पॅन, बँक पासबुक आणि प्रत्येक परीक्षा-खातं यांवरचं इंग्रजी नाव अक्षरशः उतरवा. कोणतं रूप मूळ मानायचं ते ठरवा. साधारणपणे दहावीचं, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. मग परीक्षा-खात्यातलं नाव त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. यासाठी संस्थेच्या मदत विभागाकडे ओळखपत्राची प्रत देऊन विनंती करावी लागते. हे परीक्षा देण्याआधी केलं तर उत्तम, कारण पिअर्सन व्ह्यू या अनेक संस्थांच्या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसूच देत नाहीत आणि शुल्क बुडतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींसाठी : जुन्या नावावरचं प्रमाणपत्र खोटं ठरत नाही, फक्त दुवा जोडून द्यावा लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद असे दोन कागद असले की कंपन्या सहसा मान्य करतात. राजपत्रात नोंद व्हायची असेल तर नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र मधल्या काळात चालतं का, हे कंपनीला विचारा. 'सुरेखा नागनाथ माने, लग्नानंतर सुरेखा अमोल शिंदे' अशी ओळ बायोडेट्याच्या वरच्या भागातच घालून टाका. विचारल्यावर सांगण्यापेक्षा हे बरं दिसतं.

निकाल लागलाय, प्रमाणपत्र अजून आलेलं नाही

परीक्षा शुक्रवारी, मुलाखत सोमवारी, असं होतंच. या मधल्या दिवसांत स्कोअर रिपोर्ट, म्हणजे परीक्षेनंतर मिळणारा निकालाचा कागद, कामाला येतो. पिअर्सन व्ह्यूमार्फत होणाऱ्या अनेक परीक्षांच्या रिपोर्टवर दोन क्रमांक छापलेले असतात, एक रजिस्ट्रेशन आयडी आणि दुसरा व्हॅलिडेशन नंबर. पिअर्सन व्ह्यूच्या संकेतस्थळावर स्कोअर रिपोर्टची सत्यता तपासायचं वेगळं पान आहे. तिथे हे दोन्ही टाकले की मूळ नोंद दिसते. कंपनीला रिपोर्टची पीडीएफ पाठवताना हे पान सांगा आणि दोन्ही क्रमांक ईमेलच्या मजकुरात टाइप करून द्या. धूसर प्रिंटवरून शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांत गल्लत होते, मग खरा रिपोर्टही 'सापडत नाही' ठरतो.

एडब्ल्यूएसचा निकाल साधारण ५ कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतो. तोवर बायोडेट्यात 'परीक्षा दिली, निकालाच्या प्रतीक्षेत' असं तारखेसह लिहा. 'सर्टिफाइड' हा शब्द निकाल खात्यात दिसल्याशिवाय लिहायचा नाही, मग पेपर कितीही चांगला गेलेला असो.

गुणांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत १००० पैकी ७०० ला पास असतं, पण ते ७० टक्के नव्हेत. प्रश्नांच्या काठिण्यानुसार बसवलेले, म्हणजे स्केल्ड गुण आहेत ते. एडब्ल्यूएसचंही तसंच : पट्टी १०० ते १००० ची, पास व्हायला फाउंडेशनल पातळीला ७००, असोसिएटला ७२०, प्रोफेशनलला ७५०. त्यामुळे ७८० मिळाले तर '७८ टक्के' लिहू नका, '१००० पैकी ७८०' असं लिहा. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेला तर आकड्यात गुणच मिळत नाहीत, विषयविभागानुसार 'अबव्ह टार्गेट', 'टार्गेट' असे शेरे मिळतात. कंपनीच्या फॉर्ममध्ये टक्केवारीचा रकाना सक्तीचा असेल तर मनाने आकडा भरू नका. फॉर्ममधल्या शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तीर्ण, संस्था गुण देत नाही' लिहा आणि मनुष्यबळ विभागाला ईमेलने कळवा.

कोणत्या परीक्षेची पडताळणी कुठे होते

मायक्रोसॉफ्ट : मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावरच्या प्रोफाइलमध्ये जाऊन क्रेडेन्शियल, म्हणजे मिळालेलं प्रमाणपत्र, उघडा आणि शेअर करायची लिंक घ्या. एकापेक्षा जास्त परीक्षा असतील तर ट्रान्सक्रिप्टची लिंक सोयीची, सगळ्या परीक्षा एकाच पानावर दिसतात. काम झालं की ही लिंक बंदही करता येते. फंडामेंटल्सच्या प्रमाणपत्रांना मुदत नाही, पण असोसिएट, एक्सपर्ट आणि स्पेशालिटीची मुदत एकच वर्ष असते. संपण्याआधी ६ महिने नूतनीकरणाची ऑनलाइन चाचणी खुली होते आणि ती मोफत आहे. मुदत एकदा संपली की नूतनीकरण नाही, मूळ परीक्षाच पुन्हा. या खात्याला कॉलेजचा किंवा जुन्या कंपनीचा ईमेल जोडू नका. तो ईमेल बंद झाला की खात्यात शिरताच येत नाही आणि निकाल आत अडकून पडतो. वैयक्तिक ईमेल जोडा.

एडब्ल्यूएस : प्रमाणपत्राच्या पीडीएफवर व्हॅलिडेशन क्रमांक असतो, तो एडब्ल्यूएसच्या पडताळणी पानावर टाकायचा. शिवाय क्रेडली या संकेतस्थळावर डिजिटल बॅज, म्हणजे पास झाल्याची ऑनलाइन खूण, मिळतो. मुदत ३ वर्षं. बॅजबाबत दोन चुका नेहमी होतात. आलेला ईमेल उघडून बॅज स्वीकारलेलाच नसतो, किंवा तो खाजगी ठेवलेला असतो आणि समोरच्याला पान रिकामं दिसतं. म्हणून लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत स्वतः उघडून बघा. तिथे तुम्ही लॉग-इन नसता, म्हणजे कंपनीला जे दिसेल तेच तुम्हाला दिसतं. आणि बॅजचं नुसतं चित्र बायोडेट्यात चिकटवून काही सिद्ध होत नाही, त्या चित्राला लिंक जोडा.

कॉम्पटिया या संगणक क्षेत्रातल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर पडताळणीचा कोड असतो. सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र सीसीएनए ३ वर्षं चालतं. पीएमपीसाठी ती परीक्षा घेणाऱ्या पीएमआयच्या ऑनलाइन रजिस्ट्रीत नाव शोधता येतं. तेही ३ वर्षांचं, आणि टिकवायला त्या काळात ६० पीडीयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे गुणांक, लागतात.

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली मुलं आयएसटीक्यूबी फाउंडेशन देतात. ४० प्रश्न, पास व्हायला ६५ टक्के म्हणजे २६ उत्तरं बरोबर. या प्रमाणपत्राला मुदत नाही. आयएसटीक्यूबीची यशस्वी उमेदवारांची नोंदवही ऑनलाइन आहे. प्रमाणपत्र क्रमांक टाकून आपली नोंद तिथे दिसते का, हे स्वतः आधी बघून घ्या.

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडातल्या नोकऱ्यांसाठी एनआयएसएमच्या परीक्षा असतात. म्युच्युअल फंड वितरकांची मालिका पाच-ए : १०० प्रश्न, २ तास, ५० टक्क्यांना पास, मुदत ३ वर्षं. इथे सगळा हिशोब पॅनवर चालतो. खात्यात पॅनची नोंद बरोबर नसेल तर आधी ती करून घ्या. बँकेत असलेल्यांच्या जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा आयआयबीएफ ही संस्था घेते. दुसऱ्या बँकेत जाताना सदस्यत्व क्रमांक हाताशी ठेवा.

सरकारी भरतीचा मामला वेगळा आहे. जिल्हा परिषद असो की जिल्हाधिकारी कार्यालय, एमएस-सीआयटी आणि टायपिंगच्या जीसीसी-टीबीसी प्रमाणपत्रात दोन गोष्टी बघतात : शब्दगती आणि भाषा (मराठी ३०, इंग्रजी ४० अशी अट जाहिरातीत जशी असेल तशीच), आणि निकालाची तारीख. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती अर्हता तुमच्याकडे होती का, हा प्रश्न असतो. प्रमाणपत्र हातात नंतर आलं असेल तर निकालाची तारीख दाखवणारी ऑनलाइन निकालाची प्रत सोबत ठेवा. टीईटीला खुल्या प्रवर्गात १५० पैकी ९० गुण लागतात आणि आता त्याची वैधता आजीवन आहे. पण गुणपत्रकाची पडताळणी परीक्षा परिषदेकडून होणार, हे गृहीत धरा.

चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत फिटर, वेल्डर म्हणून जाणाऱ्यांनी आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र ऑनलाइन दिसतं का ते तपासावं. जुन्या बॅचच्या प्रमाणपत्रांत जन्मतारीख किंवा वडिलांचं नाव चुकलेलं असतं, आणि ते आपल्या आयटीआयमार्फतच दुरुस्त होतं, म्हणून वेळ हाताशी ठेवून जा. वेल्डरसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. 'एएसएमई सेक्शन नऊ' या वेल्डिंगच्या मानकाप्रमाणे झालेली पात्रता चाचणी त्या प्रक्रियेने ६ महिने वेल्डिंग केलं नाही तर बाद होते. त्यामुळे चाचणीच्या कागदासोबत आधीच्या ठेकेदाराकडून 'अमुक महिन्यापर्यंत या प्रक्रियेने काम केलं' असं लेखी घेऊन ठेवा. हा कागद बहुतेकजण मागतच नाहीत, आणि नव्या ठिकाणी पुन्हा चाचणी द्यायची वेळ येते.

डिजिटल सहीची पीडीएफ आणि तो पिवळा प्रश्नचिन्हाचा शिक्का

अनेक संस्था आता डिजिटल सही केलेली पीडीएफ देतात. ती उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' दिसतं, आणि कंपनीतल्या माणसाला वाटतं कागदच बनावट आहे. तसं नसतं. त्याच्या संगणकाने सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र अजून विश्वासार्ह यादीत घेतलेलं नसतं, एवढंच.

ॲडोबी रीडरमध्ये सहीवर राइट क्लिक करा, 'व्हॅलिडेट सिग्नेचर', मग 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', मग 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. तिथे सही कोणाच्या नावाची आहे ते वाचा, संस्थेचं किंवा तिच्या अधिकाऱ्याचं नाव असलं पाहिजे. मग 'ट्रस्ट' या टॅबवर जाऊन 'ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स', आणि पुन्हा व्हॅलिडेट. सही खरी असेल आणि नंतर कागदात काही बदललेलं नसेल तर हिरवी खूण येते. हे फोनवरच्या पीडीएफ वाचकात बहुधा जमत नाही, संगणकावर करावं लागतं. नाव न वाचता डोळे मिटून ट्रस्ट करायचं नाही, कारण कोणीही स्वतःच्या नावाची सही तयार करून लावू शकतो.

ही सही त्या फाइलमध्ये राहते. प्रिंट काढली, स्क्रीनशॉट घेतला किंवा पाच पीडीएफ एकत्र करून एक केली की ती गेली. म्हणून एकत्रित फाइल करायचीच असेल तर तीही करा, पण मूळ फाइल्स जशाच्या तशा वेगळ्या जोडा. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की दाबली जाऊन क्यूआर कोड वाचता येईनासा होतो.

डिजिलॉकर

डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. 'इश्यूड' म्हणजे संस्थेने थेट दिलेली कागदपत्रं, आणि 'अपलोडेड' म्हणजे तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकलेली. २०१६ चे नियम आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती यांनुसार 'इश्यूड' कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. 'अपलोडेड'ला असा काही दर्जा नाही, ती नुसती साठवण. स्कॅन अपलोड करून 'डिजिलॉकरवर आहे' असं सांगणारे बरेच भेटतात, आणि तिथेच त्यांचं अडतं. दहावी-बारावीची राज्य मंडळाची गुणपत्रकं आणि एनआयईएलआयटीचं सीसीसी हे संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाचं प्रमाणपत्र 'इश्यूड'मध्ये घेता येतात. शोधताना आसन क्रमांक, वर्ष आणि नाव गुणपत्रकावर आहे तसंच टाका. सापडत नसेल तर आधी नावाच्या स्पेलिंगचा संशय घ्या, म्हणजे पुन्हा वर केलेल्या नावांच्या कागदाकडे जा.

पाठवायचं कसं

एका पानाचा तक्ता करा, त्याला 'पडताळणी पत्रक' म्हणा. प्रत्येक परीक्षेला एक ओळ : परीक्षेचं पूर्ण नाव आणि कोड, संस्था, उत्तीर्ण झाल्याची तारीख, मुदत कधीपर्यंत, प्रमाणपत्र क्रमांक, पडताळणीची लिंक, आणि प्रमाणपत्रावर नाव कसं छापलंय. शेवटचा रकाना बहुतेकांना सुचत नाही, पण वेळ सगळ्यात जास्त त्यानेच वाचतो. मुदत संपलेलं प्रमाणपत्र लपवू नका आणि चालू असल्यासारखंही दाखवू नका. 'मुदत संपली' असं लिहून तेही ठेवा, कारण ते ज्ञान तुमच्याकडे होतं एवढं त्यातून दिसतं.

ईमेल असा पुरेसा आहे. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा :

'महोदय, आपल्याकडील नेटवर्क इंजिनिअर पदासाठी मी अर्ज केला आहे. माझ्या दोन प्रमाणपत्रांच्या पडताळणीच्या लिंक सोबतच्या पत्रकात आहेत. त्या संबंधित संस्थांच्या संकेतस्थळावर थेट उघडतात, लॉग-इन लागत नाही. पहिल्या प्रमाणपत्रावर माझं नाव आडनावाशिवाय छापलेलं आहे, त्यासाठी ओळखपत्राची प्रत जोडली आहे. पडताळणीसाठी आणखी माहिती लागल्यास कळवावे.'

लॉग-इनचा पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही. 'खातं उघडून दाखवा' म्हणणाऱ्या कंपनीलाही लिंकच द्या. आधार मागितलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार पाठवा. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येतं. आणि स्कोअर रिपोर्टचा पूर्ण फोटो, क्रमांकांसकट, आनंदाच्या भरात समाजमाध्यमावर टाकू नका. दुसरा कोणीतरी तेच क्रमांक स्वतःच्या बनावट रिपोर्टवर छापू शकतो.

मूळ कागद आणि समोरासमोरची मुलाखत

सोलापुरातल्या बऱ्याच नोकऱ्या आजही समोर बसून ठरतात. रुग्णालय असो, कर सल्लागाराचं ऑफिस असो की टॉवेलचा कारखाना, मालकाला कागद हातात घेऊन बघायचा असतो. तिथे मूळ प्रती घेऊन जाच, आणि त्यांच्याच फोनवर क्यूआर कोड स्कॅन करायला सांगा. आपल्या फोनवर दाखवलेलं पान हा पुरावा होत नाही, कारण ते पान कुठलं आहे ते त्यांना कळत नाही.

मूळ प्रमाणपत्र ठेवून घ्यायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ते देऊ नका. नोकरी सोडताना ते परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात आणि तोवर पुढची संधी निघून जाते. नम्रपणे सांगा, 'मूळ बघून घ्या, झेरॉक्स साक्षांकित करून देतो.' महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून स्वयंसाक्षांकन मान्य केलं आहे, त्यामुळे राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी धावपळ करायची सहसा गरज नाही. प्रत्येक झेरॉक्सवर सही, तारीख आणि 'फक्त अमुक कंपनीतील अमुक पदाच्या अर्जासाठी' असं आडवं लिहा, मजकुरावरून जाईल असं. तरीही कोणी मूळच ठेवून घ्यायचा हट्ट धरला तर निदान कागदाचं नाव, क्रमांक आणि परत करायची तारीख असलेली शिक्क्याची पोच घ्या.

गरम लॅमिनेशन करू नका. उठावाचा शिक्का दबतो, आणि परदेशी नोकरीसाठी साक्षांकन करायची वेळ आली की लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारायलाच नकार मिळतो. साधा पारदर्शक कप्पा पुरतो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणार असाल तर प्रिंट आदल्या संध्याकाळी सोलापुरातच काढून ठेवा, दोन संच.

नोकरी ठरल्यानंतरची तपासणी

मोठ्या कंपन्या ऑफर दिल्यावर बाहेरच्या एजन्सीकडून पार्श्वभूमी तपासतात. तिचा फॉर्म आणि तुमचा बायोडेटा यांत महिना जरी पुढेमागे झाला तरी विचारणा होते, म्हणून फॉर्म भरताना पडताळणी पत्रक समोर ठेवा. परीक्षा दिल्याची तारीख आणि प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख यांतला फरक इथेच अंगाशी येतो. प्रमाणपत्रावरचीच तारीख भरा.

टेलिग्रामवर 'परीक्षा न देता प्रमाणपत्र, पडताळणीसह' अशा जाहिराती फिरतात. तुमच्या जागी दुसऱ्याला बसवून हे केलं जातं. केंद्रावर उमेदवाराचा फोटो घेतलेला असतो, संस्था पुढे कधीही चौकशी करून प्रमाणपत्र रद्द करते, आणि कायमची बंदीही घालते. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे. घरचे कर्ज काढून मुलाला शिकवतात आणि असल्या दलालाच्या नादी लागून त्याचं नाव कंपन्यांच्या यादीत काळं होतं. याचं वाईट वाटतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

आता खऱ्या प्रमाणपत्राचीच नोंद सापडत नसेल तर काय? आधी क्रमांक हाताने टाइप न करता पीडीएफमधून कॉपी करून टाका, पुढे-मागे मोकळी जागा येऊ देऊ नका. मग नावाचा उलटा क्रम टाकून बघा. तरी नसेल तर संस्थेच्या मदत विभागाला परीक्षा केंद्र, तारीख, नोंदणी क्रमांक आणि स्कोअर रिपोर्ट जोडून लिहा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक त्याच दिवशी कंपनीला कळवा. कंपनीला उशीर चालतो, गप्प राहणं चालत नाही. संस्थेचं उत्तर आलं की ते मूळ ईमेलसकट पुढे पाठवा, मजकूर कॉपी करून नव्हे, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांना दिसतो. संस्था थेट कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पुष्टी पाठवायला तयार असेल तर तसंच करायला सांगा आणि त्या अधिकाऱ्याचा पत्ता विचारून द्या.